कायदा बदलला, पण पगाराच्या सॉफ्टवेअरला कोणी सांगितलं?

२१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. २९ जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी वेतन संहिता, औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांची संहिता आली. पहिली २०१९ ची, बाकी तीन २०२० च्या. संसदेत मंजूर होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी "येईल तेव्हा बघू" म्हणून फाइल बाजूला ठेवली होती. मग एका शुक्रवारी त्या लागू झाल्या. महिन्याच्या २१ तारखेला! पगार व्हायला नऊ-दहा दिवस उरलेले, आणि त्याच महिन्याचे पहिले वीस दिवस जुन्या कायद्याखाली तर पुढचे दहा नव्या.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरलं ते तुम्ही पाहिलंच असेल. "इन-हँड कमी होणार", "एका वर्षात सगळ्यांना ग्रॅच्युइटी", "बेसिक ५० टक्के करणं बंधनकारक". यातलं पहिलं बहुतेकांच्या बाबतीत खरं नाही, दुसरं अर्धवट आहे आणि तिसरं कायद्यात तसं लिहिलेलंच नाही. तुम्ही नोकरी करत असाल तर या गोंधळाचा परिणाम तुमच्या सॅलरी स्लिपवर होतो. दहा-बारा जणांची कंपनी, दुकान किंवा क्लास चालवत असाल तर नियम चुकल्याची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून दोन्ही बाजूंनी बघू.

५० टक्क्यांचं गणित नेमकं काय आहे?

वेतन संहितेत "वेतन" या शब्दाची व्याख्या बदलली आहे. बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स हे वेतनात येतात. मग काय येत नाही त्याची यादी आहे: घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, बोनस, कमिशन, ओव्हरटाइम, मालकाचा पीएफचा हिस्सा वगैरे. आणि खाली एक अट. या वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीची रक्कम पुन्हा वेतनात मिसळायची.

बेसिक ५० टक्के करा असं कुठेच म्हटलेलं नाही. बेसिक ३५ टक्के ठेवलं तरी चालेल, फक्त ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे मोजताना कायदा त्या ३५ कडे बघणार नाही.

उदाहरण घेऊ. पगार ४०,००० रुपये. त्यात बेसिक १४,०००, घरभाडे भत्ता १२,०००, प्रवास भत्ता ६,००० आणि कमिशन ८,०००. वगळलेल्यांची बेरीज २६,०००. निम्मं म्हणजे २०,०००. जास्तीचे ६,००० बेसिकमध्ये मिळवले की वेतन झालं २०,०००. ग्रॅच्युइटीचं सूत्र तुम्हाला माहीत असेल: शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. फक्त बेसिकवर मोजलं तर पाच वर्षांचे सुमारे ४०,३८५ रुपये होतात, नव्या व्याख्येने सुमारे ५७,६९२. एकाच माणसामागे सतरा हजारांचा फरक.

आता यातली खरी गोम. वरच्या उदाहरणात "कमिशन" ऐवजी "स्पेशल अलाउन्स" असेल तर? आपल्या निम्म्या सॅलरी स्लिपवर ही ओळ असते आणि ती कशासाठी असते हे कोणालाच सांगता येत नाही. सीटीसीची बेरीज जुळवायला उरलेली रक्कम तिथे टाकतात. पण वगळण्याच्या यादीत स्पेशल अलाउन्स नावाची गोष्ट नाही. कामामुळे होणारा विशेष खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कम आहे, पण दर महिन्याला सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता त्यात बसवणं अवघड आहे. पीएफच्या जुन्या कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०१९ मध्ये सरसकट भत्ते बेसिकमध्ये धरायला सांगितलं होतं. म्हणजे हे ८,००० आधी वेतनात जातील, वेतन होईल २२,००० आणि वगळलेली रक्कम १८,००० राहिल्याने ५० टक्क्यांच्या अटीपर्यंत गोष्ट पोचणारच नाही.

माझ्या मते बहुतेक सॉफ्टवेअर इथेच चुकणार. "वेतन = बेसिक किंवा पगाराच्या निम्मं, जे जास्त असेल ते" अशी एक ओळ लिहिली की डेमोमध्ये छान चालतं. पण या उदाहरणात ती २०,००० सांगेल आणि व्याख्या वाचून केलेला हिशोब २२,०००. पगाराच्या प्रत्येक घटकाला तो यादीत बसतो का, आणि कोणत्या कलमाखाली, हे आधी माणसाने ठरवायला हवं. हे काम कोडचं नाही.

इन-हँडबद्दल थोडक्यात. पीएफची कायदेशीर मर्यादा १५,००० रुपये वेतनाची आहे. तुमचा पीएफ त्याच मर्यादेवर, म्हणजे महिन्याला १,८०० कापला जात असेल, तर व्याख्या बदलल्याने हातात येणारा पगार कमी होत नाही. कामगार मंत्रालयानेही हे स्पष्ट केलं आहे. मर्यादा न लावता पूर्ण बेसिकवर पीएफ कापणाऱ्या कंपन्यांमध्ये मात्र आकडे हलू शकतात. आणि एका वर्षात ग्रॅच्युइटी ही ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांसाठी आहे. कायम नोकरीवाल्यांसाठी पाच वर्षंच.

रजा: २०० दिवस काम केलेल्याचं काय?

पगाराएवढी चर्चा रजेची झाली नाही, पण बदल तिथेही मोठा आहे. कारखाना कायद्यात भरपगारी रजा मिळायला वर्षात २४० दिवस काम झालेलं लागायचं. नव्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आली. दर २० दिवसांमागे एक रजा हे प्रमाण तेच राहिलं. म्हणजे २०० दिवस काम केलेल्या कामगाराला आधी शून्य रजा होती, आता १० आहेत. हंगामी कामावर घेतलेल्या किंवा वर्षाच्या मध्ये आजारपणात महिने गेलेल्या माणसासाठी ही साधी गोष्ट नाही.

इथे महाराष्ट्रात एक वेगळाच तिढा आहे. आपल्याकडे दुकानं आणि ऑफिसांसाठी राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो त्या २९ रद्द कायद्यांमध्ये नाही, तो केंद्राचा कायदाच नाही. त्यात ८ किरकोळ रजा आहेत, ८ सणांच्या व राष्ट्रीय सुट्ट्या आहेत (२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, उरलेल्या चार आपापसात ठरवायच्या), आणि अर्जित रजेसाठी अट २४० दिवसांचीच आहे. साठवता मात्र ४५ दिवस येतात, जिथे केंद्राच्या संहितेत पुढच्या वर्षी नेण्याची मर्यादा ३० आहे.

मग पुण्यातल्या २५ जणांच्या आयटी कंपनीने काय धरायचं? "आम्ही तर इंजिनिअर, कामगार कुठे?" असं म्हणून सुटता येत नाही, कारण संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत टेक्निकल काम हा शब्द आहे. त्यातून वगळलेत ते व्यवस्थापकीय कामावरचे आणि १८,००० च्या वर पगार घेणारे सुपरवायझर. कोड लिहिणारा मुलगा बहुधा कामगारातच येतो.

मला विचाराल तर सरळ मार्ग घ्यावा: प्रत्येक मुद्द्यावर कर्मचाऱ्याच्या फायद्याचा नियम निवडावा. पात्रतेला १८० दिवस, साठवणीला ४५, आणि ८ किरकोळ रजा आहेत तशा. पंचवीस माणसांच्या कंपनीला याचा खर्च वर्षाला काही दिवसांच्या पगाराएवढा येईल. दोन कायद्यांपैकी कोणता लागू हे भांडत बसायला वकील लावला तर त्याहून जास्त जातील. हजार कामगारांच्या कारखान्याने अर्थातच सल्लागाराकडून लेखी मत घ्यावं.

त्यात राज्याचा कायदाही जागेवर उभा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात बदल मंजूर केले: रोजचे कामाचे तास ९ वरून १०, कायदा लागू होण्याची मर्यादा १० कर्मचाऱ्यांवरून २०, आणि तिमाहीत ओव्हरटाइमची कमाल मर्यादा १२५ तासांवरून १४४. अशा वेळी "मंत्रिमंडळाची मंजुरी" ही बातमी वाचून सिस्टीम बदलू नका. मंजुरी, अध्यादेश, अधिनियम, नियम या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. तुमच्यासाठी खरी तारीख ती, जी राजपत्रात छापली आहे.

दोन दिवसांत हिशोब

नोकरी सोडलेल्या कोणालाही विचारा, फुल अँड फायनल कधी मिळालं. तीस दिवस, पंचेचाळीस दिवस, काहींना तीन महिने. वेतन संहितेच्या कलम १७ नुसार राजीनामा, बडतर्फी, कपात किंवा कंपनी बंद होणं, काहीही असो, देणं असलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. जुन्या कायद्यात हे मालकाने काढून टाकल्यास होतं, आता राजीनामाही त्यात आला. ही तरतूद मॅनेजरलाही लागू आहे. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला ३० दिवस आहेत.

हा नियम पाळणं कंपन्यांना जड जाणार, कारण त्यांचा सगळा प्रवास उलटा बांधलेला असतो. माणूस जातो, मग आयटी विभाग लॅपटॉप तपासतो, मग अ‍ॅडमिन सही करतं, मग अकाउंट्सकडे फाइल, आणि मग पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर पैसे. दोन दिवसांत हे बसवायचं तर क्लिअरन्स शेवटच्या दिवसानंतर सुरू करून चालणार नाही. नोटीस पीरियड चालू असतानाच रजांची शिल्लक गोठवणं, खर्चाची बिलं मागवणं, हिशोबाचा कच्चा आकडा काढून माणसाला दाखवणं हे व्हायला हवं. सॉफ्टवेअरमध्ये बदल लहान आहे: शेवटची तारीख टाकली की पैसे देण्याची तारीख आपोआप दिसली पाहिजे. शुक्रवारी शेवटचा दिवस आणि शनिवार-रविवार सुट्टी असेल तर ती तारीख मंगळवार.

आकडा कोडमध्ये लिहिला की तो तिथेच मरतो

मी दोन वर्षं पेरोलच्या मॉड्युलवर काम केलं आहे, आणि तिथे एक गोष्ट पक्की कळली. सगळ्यात जास्त डोकं मोठे कायदे खात नाहीत, लहान नियम खातात.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर घ्या, ज्याला आपण पीटी म्हणतो. १०,००० च्या वर पगार असेल तर महिन्याला २०० रुपये. फक्त फेब्रुवारीत ३००, कारण वर्षाला २,५०० व्हायला हवेत. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगारावर माफी, त्याआधी ती १०,००० पर्यंत होती. आता २०२६ मध्ये कोणी २०२२ सालच्या पगाराची थकबाकी काढायला घेतली, तर सिस्टीमला जुना नियम आठवला पाहिजे.

ईएसआय आणखी मजेशीर आहे. मर्यादा २१,००० रुपयांची. पण कोणाचा पगार जुलैमध्ये २०,५०० वरून २२,००० झाला तर कपात लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालावधी असतात, आणि कालावधी संपेपर्यंत माणूस योजनेत राहतो. त्याच्याकडून सप्टेंबरपर्यंत ०.७५ टक्क्याने महिन्याला १६५ रुपये कापायचे आणि मालकाने ३.२५ टक्के भरायचे. "पगार २१ हजारांवर गेला की शून्य" असं सूत्र लिहिलं, तर मधल्या तीन महिन्यांत तो माणूस दवाखान्यात गेल्यावर त्याला अडचण येऊ शकते.

किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांसाठी एप्रिल आणि ऑक्टोबरपासून. परिपत्रक उशिरा हातात पडलं तर मागच्या तारखेपासून फरक द्यावा लागतो.

या सगळ्यात साम्य काय? नियम म्हणजे नुसता आकडा नाही, त्याला "कधीपासून" चिकटलेलं आहे. म्हणून आकडा सूत्रात कोंबायचा नाही, वेगळ्या तक्त्यात ठेवायचा. मोठं सॉफ्टवेअर नसेल तरी एक्सेलची एक शीट पुरते. कॉलम असे: नियमाचं नाव, आकडा, कोणत्या राज्यात, कधीपासून, कधीपर्यंत, राजपत्र किंवा परिपत्रकाचा क्रमांक, आणि कोणी वाचून खात्री केली त्याचं नाव. नियम बदलला की जुनी ओळ खोडायची नाही. तिची "कधीपर्यंत" भरायची आणि खाली नवी ओळ टाकायची. राज्याचा कॉलम लहान कंपनीलाही लागतो. पुण्याच्या कंपनीने बेळगावच्या ऑफिसात एक जण नेमला की व्यवसाय कर कर्नाटकचा येतो, आणि तिथे २५,००० ची मर्यादा स्त्री-पुरुष दोघांनाही आहे.

आणि शेवटचा कॉलम, नावाचा, तो रिकामा सोडू नका. "एचआर टीम" असं लिहिलेलं असेल तर कोणीच वाचलेलं नाही असं समजा.

बातमी कुठून घ्यायची?

केंद्राची अधिसूचना ई-गॅझेटच्या साइटवर येते, राज्याची महाराष्ट्र शासन राजपत्रात. पीएफ आणि ईएसआयची परिपत्रकं त्यांच्या साइटवर. एवढी ठिकाणं महिन्यातून दोनदा बघितली तर लहान कंपनीचं भागतं. कॅलेंडरमध्ये ठरावीक तारखा टाका: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि कामगार कल्याण निधीसाठी जून व डिसेंबर. काही गोष्टी तरीही मध्येच येतात. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, वार बुधवार, आणि कार्यक्रम जाहीर झाला १५ ऑक्टोबरला. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला भरपगारी सुट्टी देणं लोकप्रतिनिधित्व कायद्याने बंधनकारक आहे, पण जानेवारीत छापलेल्या सुट्ट्यांच्या यादीत ती कशी असणार?

चॅटबॉटला विचारायची सवय आता सगळ्यांनाच आहे. विचारा, पण तो कोणत्या तारखेचा कायदा सांगतोय हे बघा. इंटरनेटवर २४० दिवस आणि जुन्या कारखाना कायद्यावरचं लिखाण वर्षानुवर्षांचं साचलेलं आहे, नव्या संहितांवरचं त्या मानाने थोडं. जुनं उत्तर तेवढ्याच आत्मविश्वासाने येतं. "कलम क्रमांक आणि लागू झाल्याची तारीख दे" असं विचारून ते कलम मूळ पीडीएफमध्ये स्वतः शोधा. सापडलं नाही तर ते उत्तर वापरू नका. पेरोल सॉफ्टवेअरच्या कंपनीलाही हाच प्रश्न मेलवर विचारा: वेतनाच्या नव्या व्याख्येत स्पेशल अलाउन्स कुठे धरलाय? उत्तरात फक्त "आम्ही पूर्णपणे कम्प्लायंट आहोत" असं आलं, तर पुन्हा विचारा.

पाच खोटे कर्मचारी

प्रोग्रामर लोक कोड बदलल्यावर जुन्या गोष्टी मोडल्या नाहीत ना हे बघायला टेस्ट चालवतात. पगारालाही हे जमतं, आणि त्यासाठी प्रोग्रामर असावं लागत नाही. सिस्टीमच्या चाचणी खात्यात किंवा एक्सेलच्या वेगळ्या कॉपीत पाच काल्पनिक कर्मचारी ठेवा. एक, २४,००० पगाराची महिला. दोन, जुलैमध्ये २१,००० ओलांडणारा. तीन, वर्षात बरोबर २०० दिवस भरलेला. चार, एक वर्षाच्या करारावर येऊन गेलेला, त्याची ग्रॅच्युइटी निघते का? पाच, बेसिक ३५ टक्के आणि भलामोठा स्पेशल अलाउन्स असलेला. या पाचांची बरोबर उत्तरं एकदा हाताने काढून ठेवा. दर महिन्याला खरा पगार काढायच्या आधी हे पाच चालवा, आणि फेब्रुवारीत तर नक्की. अर्ध्या तासाचं काम आहे.

एवढा त्रास लहान मालकाने का घ्यावा? वेतन संहितेत दावा करायची मुदत तीन वर्षांची आहे. आणि पगार कमी दिला असा दावा झाला, तर तो पूर्ण दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे. कमी वेतन दिल्यास दंड ५०,००० पर्यंत, आणि पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा झाला तर एक लाखापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. काही उल्लंघनांत खटल्याआधी निरीक्षक चूक सुधारायला लेखी संधी देतो, पण सुधारायला आधी कोणत्या महिन्यात कोणता नियम लावला होता हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. तो तक्ता आणि त्या तारखा असतील तर ते पाच मिनिटांत सांगता येईल.

नोकरी करणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर २०२५ आणि डिसेंबर २०२५ च्या सॅलरी स्लिप शेजारी शेजारी ठेवा. स्पेशल अलाउन्सच्या ओळीचं नाव बदललंय का, ग्रॅच्युइटीचा आकडा सीटीसीत दाखवत असतील तर तो हलला का, आणि रजेची शिल्लक कोणत्या नियमाने मोजली आहे, एवढं एचआरला मेलवर विचारा, तोंडी नको. स्लिप पीडीएफमध्ये स्वतःच्या मेलवर किंवा ड्राइव्हवर ठेवा. कंपनीच्या अ‍ॅपमधलं लॉगिन नोकरी सोडल्याच्या संध्याकाळीच बंद होतं.